१३५ लिटर, पण कोणत्या दिवशी?

देहूरोड कॅन्टोन्मेंटला लागून असलेल्या किवळे-रावेतमध्ये नवी सोसायटी उभी राहायची, तर तिचं पाणी कसं मोजतात? शहरासाठी ठरलेलं माप आहे माणशी रोज १३५ लिटर. ५०० फ्लॅट, घरटी ५ माणसं धरली की झाले रोजचे ३,३७,५०० लिटर. गुणाकार बरोबर आहे. माझी हरकत आहे ती ‘रोज’ या शब्दाला.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. म्हणजे एकाच पाळीत पावणेसात लाख लिटर साठवायला हवं. टाकी, नळाचा व्यास, पंप, सगळंच बदललं की! सरासरी मात्र कागदावर तीच दाखवता येते, म्हणून टंचाई तक्त्यात दिसतच नाही. टाकी एका दिवसाची बांधली, तर दुसरा दिवस टँकरवाल्याचा.

‘पुढे पाणी वाढेल’ हे उत्तर मला पटत नाही. शहर रावेतला पवनेतून पाणी उचलतं. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता; ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले ३ जण गेले आणि काम बंद पडलं. ती स्थगिती उठायला २०२३ उजाडलं. इमारती थोड्याच थांबल्या होत्या?

मागणीच्या तक्त्यात लिटरशेजारी दोन रकाने वाढवा: पाणी कोणत्या दिवशी, किती तास.