सच्छिद्र सिलिकाचा पृष्ठभाग : एरोजेल संशोधनातील मापनाचा प्रश्न

सिलिका एरोजेल म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या सिलिका-कणांच्या साखळ्यांनी विणलेला, अत्यंत सच्छिद्र व हलका घनपदार्थ. किस्टलर यांनी १९३१ मध्ये त्याची निर्मिती जगापुढे मांडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, पदार्थविज्ञान अधिविभागाच्या एअर ग्लास प्रयोगशाळेत, प्रा. ए. व्यंकटेश्वर राव व सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ संशोधन केले. मिथाइलट्रायमिथॉक्सीसिलेनपासून लवचिक एरोजेल बनविण्याचे त्यांचे २००६ मधील काम विशेष महत्त्वाचे होय. प्रस्तुत विवेचनाचा रोख मात्र निर्मितीवर नसून, अशा पदार्थांच्या पृष्ठभागाविषयी शोधनिबंधांतून एकंदरीत काय मांडले जाते, यावर आहे.

उपरोक्त सिलेनमधील सिलिकॉनला जोडलेला मिथाइल गट जलविघटनात तुटत नाही. त्यामुळे जाळे तयार होतानाच पृष्ठभाग जलविकर्षक बनतो. टेट्राइथॉक्सीसिलेनपासून केलेल्या जेलमध्ये हा गुण सामान्यतः वेगळा सिलेन योजून आणावा लागतो. ही दोन्ही पृष्ठे रासायनिकदृष्ट्या भिन्न असूनही 'संपर्ककोन १५० अंशांहून अधिक' या एकाच वाक्यात त्यांचा निकाल लावला जातो. कोन मोजण्यासाठी ठेवलेला थेंब मिलिमीटरभराचा, तर छिद्रे नॅनोमीटरची. थेंब बाह्य खडबडीतपणावर व त्यात अडकलेल्या हवेवर टेकतो. छिद्राच्या आतील भिंतीविषयी तो फारसे काही सांगू शकत नाही.

खरा प्रश्न सिलॅनॉल गटांच्या संख्येचा आहे. झुराव्हलेव्ह यांच्या मते, पूर्णतः हायड्रॉक्सिलयुक्त अस्फटिक सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला सुमारे ४.९ हायड्रॉक्सिल गट असतात. ग्रॅमला ५०० चौरस मीटर पृष्ठ धरल्यास ही संख्या सुमारे ४ मिलिमोल भरते. एक ट्रायमिथाइलसिलिल गट मात्र जवळपास ०.४३ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो, म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला जेमतेम २.३ गट मावतात. अर्थात निम्म्याहून अधिक सिलॅनॉल या छत्राखाली तसेच राहतात. 'पृष्ठाचे संपूर्ण रूपांतर झाले' हे विधान अवरक्त वर्णपटातील हायड्रॉक्सिलची पट्टी क्षीण झाल्यावरून करणे म्हणूनच धाडसाचे ठरते. औषधवहन किंवा उत्प्रेरणासाठी सच्छिद्र नॅनोकण वापरावयाचे असल्यास हे उरलेले गटच निर्णायक ठरू शकतात.

बीईटी पद्धतीने काढलेल्या क्षेत्रफळाविषयीही सावधगिरी हवी. नायट्रोजनच्या रेणूचे क्षेत्रफळ ०.१६२ चौरस नॅनोमीटर गृहीत धरले जाते. पण त्याच्या चतुर्ध्रुवी आघूर्णामुळे हायड्रॉक्सिलयुक्त पृष्ठावर तो वेगळ्या मांडणीने बसतो. रूपांतरापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ वजाबाकी त्यामुळे शंकास्पद ठरते. आययूपीएसीने २०१५ मध्ये ८७ केल्व्हिनला आर्गॉन वापरण्याचा पर्याय सुचविला तो याच कारणाने. एरोजेलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नायट्रोजन छिद्रांत संघनित होताना मऊ जाळे दबते व छिद्रांचे घनफळ प्रत्यक्षाहून कमी भरते. रायशेनाउअर व शेरर यांनी २००१ मध्ये याची सविस्तर चर्चा केली आहे.

नमुना वायुमुक्त करण्याचे तापमान व कालावधी निबंधात नसणे ही तर नित्याची बाब. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला, रूपांतर न केलेला सिलिकाचा नमुना बरीच आर्द्रता शोषतो. ती निर्वातात तापवून काढावी, तर सुमारे १९० अंश सेल्सिअसच्या पुढे सिलॅनॉल गटांचेच परस्पर संघनन सुरू होते. हे तापमान दिलेले नसलेल्या दोन कोष्टकांतील क्षेत्रफळांची तुलना करता येत नाही.