मोजपट्टी कोणाची?

क्रमिक पुस्तकांकडे टीकाकाराचे लक्ष सहसा जात नाही. ती परीक्षेपुरती लिहिली जातात आणि परीक्षेबरोबरच संपतात, अशी आपली समजूत आहे. परंतु बी. ए.च्या वर्गात मानसशास्त्र शिकविणाऱ्या मराठी पुस्तकांना हा न्याय लावून चालणार नाही. पदार्थविज्ञानातील चूक पदार्थाविषयी असते. येथील चूक माणसाविषयी असते, आणि ती मनात बाळगूनच विद्यार्थी पुढे शिक्षक, समुपदेशक, अधिकारी अथवा आईबाप होतो. सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले आणि २००४ पासून जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. अशा गावच्या वाचकाच्या दृष्टीने ही पुस्तके तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

प्रथम गुण सांगितला पाहिजे. ह्या पुस्तकांनी मराठीला एक परिभाषा दिली. ज्ञानदेवांनी श्रोत्यांपाशी जे ‘अवधान’ मागितले तोच शब्द शास्त्राच्या कामी लावणे, अथवा ‘संवेदन’ आणि ‘प्रत्यक्षीकरण’ ह्यांतील भेद स्पष्ट करणे, हे लहान काम नव्हे. ‘न्यूनगंड’ हा शब्द तर वर्गाबाहेर पडून घराघरांत रूढ झाला आहे.

दोष आहे तो निराळ्या ठिकाणी. शब्द मराठी झाले, पण पुस्तकातील माणूस मराठी मुलुखातला झाला नाही. तो कोठलाच नाही. त्याला गाव नाही, धंदा नाही, मातृभाषा नाही. स्मृतीवरील प्रकरणच पाहावे. हेर्मान एबिंगहाउस ह्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरणाचा क्रम शोधला व आपला ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ करणारा तोच आणि मोजणाराही तोच. सोलापुरातील विद्यार्थी हाच प्रयोग आपल्या सहाध्यायावर करून पाहतो. यादीत ‘इल्लु’ आणि ‘मूगु’ अशी अक्षरे पडली तर मराठी घरातल्या मुलास ती निरर्थकच वाटतील. पण तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या मुलीला ‘इल्लु’ म्हणजे घर, आणि अक्कलकोटकडील कन्नड घरातल्या मुलाला ‘मूगु’ म्हणजे नाक! त्यांची स्मृती अधिक तल्लख ठरेल, आणि तीही खोटीच. हा धोका सांगणारे एक वाक्य त्या प्रकरणात असावयास हवे होते.

बुद्धिमापनाच्या प्रकरणी हीच उणीव अधिक बोचते. बिने आणि सिमाँ ह्यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये कसोटी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांस मदत करता यावी म्हणून. तीच कसोटी अमेरिकेत पोहोचताच तिचा उपयोग पालटला. १९१३ साली एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी गोरगरिबांची परीक्षा गोडार्डच्या साहाय्यकांनी घेतली आणि त्यांपैकी बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरविले. लांबच्या प्रवासाने थकलेल्या, परक्या भाषेपुढे गोंधळलेल्या माणसांचे ते मापन होते. त्यांची भीती मोजली गेली, आणि नाव मात्र बुद्धीचे झाले.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारी आहे. व्ही. व्ही. कामत ह्यांनी धारवाड येथे मराठी व कन्नड मुलांसाठी बिनेची कसोटी नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. पुस्तके ‘बिने-कामत’ हे नाव सांगून पुढे जातात. पण शिकण्याजोगी गोष्ट नाव नव्हे, रीत आहे. मुलाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारावा, आणि त्याची तुलना त्याच्यासारख्याच मुलांशी करावी, ही ती रीत. धारवाडच्या त्या मुलांवरून काढलेले आकडेही आजच्या तेलुगूभाषी मुलास जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे त्याच रीतीतून निघते.

अनुवंश व परिस्थिती ह्या प्रकरणात तर सोलापूरच्या विद्यार्थ्याला पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहावे लागेल. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. त्यांतील कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांपैकी एक सोलापुरात होती. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरी देत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र गावाच्या बोलण्यात उरले. गुन्हेगारी रक्तातून येते, हा अडाण्यांचा समज नव्हता. तो शिकलेल्यांनी लिहिलेला कायदा होता. १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन अशाच एका जमातीतून आले आहे. ते ह्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचले, तर ‘परिस्थिती’ ह्या कोरड्या शब्दाला भूक, मार आणि पोलीस ह्यांचा अर्थ प्राप्त होतो.

ह्यावर असा आक्षेप येईल की, शास्त्र सार्वत्रिक असते. त्यात सोलापूर कशाला? आक्षेप वजनदार आहे. विस्मरणाचा नियम जर्मनीत एक आणि सोलापुरात दुसरा, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु नियम सार्वत्रिक आहे की नाही, हे निरनिराळ्या माणसांवर ताडून पाहिल्यावाचून कळणार कसे? न तपासता सर्वांना लावलेला नियम हा शास्त्राचा नियम नव्हे. तो १८७१ च्या कायद्याचा सख्खा भाऊ होय.

तेव्हा नव्या आवृत्तीच्या लेखकांपाशी मागणे एवढेच आहे. प्रत्येक कसोटीपुढे ती कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत आणि कोणत्या साली बसविली हे छापावे. त्याने पाने चारच वाढतील. पण पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण एखाद्या मुलाच्या कपाळी ‘मंद’ हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबेल, आणि त्या मुलाच्या घरात कोणती भाषा बोलतात हे आधी विचारील.