हबशी ख्रिस्ती जीवन आणि आपली साधने : एक चिकित्सा

कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील ढोकी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असते ते तेरला जाण्याची वाट म्हणून. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगराहून भडोचकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तांबड्या समुद्रावरील अदुलिस या अक्सुम राज्याच्या बंदरात अरियाके प्रदेशातून पोलाद, लाख आणि सुती कापड उतरे, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे. कापडाचा एक प्रकार तर दोन्ही याद्यांत आढळतो. पुढे सुमारे पंधराशे वर्षांनी, १६०० मध्ये, याच जिल्ह्यातील परंड्यास मलिक अंबर या हबशी सरदाराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसविले. तेव्हा इथिओपियाशी असलेला आपला संबंध पुस्तकी नव्हे. या भूमीवर त्याच्या दोन स्पष्ट खुणा आहेत.

परंतु या दोन्ही खुणांतून दिसणारा हबशी एकतर गिऱ्हाईक आहे किंवा सेनानी. तो काय खात होता, मुलाचे नाव काय ठेवीत होता, संकटात कोणाचा धावा करीत होता, हे त्यांतून कळत नाही. आपल्या इतिहासलेखनाने व समीक्षेनेही तो प्रश्न फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न महाराष्ट्रात आलेल्या ख्रिस्ती हबशांपुरता विचारला आहे, आणि जी साधने त्याचे उत्तर देतात असे मानले जाते त्यांची चिकित्सा केली आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. ‘हबशी’ म्हणजे हबश देशाचा, अर्थात अ‍ॅबिसीनियाचा. मराठीने मात्र हा शब्द, आणि त्याच्या जोडीने ‘शिद्दी’ हा शब्द, आफ्रिकेतून आलेल्या कोणाही माणसास सरसकट लावला. झांबेझीच्या उत्तरेकडील याओ जमातीचा मुलगा आणि इथिओपियाच्या पठारावरील ओरोमो मुलगी या एकाच शब्दाखाली एक झाल्या. परिणामी ज्यांच्या देशात चौथ्या शतकात, राजा एझानाच्या काळी, ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला होता आणि ज्यांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नव्हते, असे दोघेही आपल्या नजरेस सारखेच ‘धर्मांतरित हबशी’ ठरले. चिकित्सेचा आरंभ हा गोंधळ निस्तरण्यापासूनच झाला पाहिजे.

इथिओपियन चर्चमध्ये श्रद्धा ही मुख्यतः दिनक्रमाची बाब आहे. बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे वार. त्या दिवशी मांस, दूध, लोणी वर्ज्य. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास पंचावन्न दिवसांचा. वर्ष तेरा महिन्यांचे. बाप्तिस्म्याचे नाव व्यवहारातील नावाहून वेगळे, आणि उपासनेची भाषा गीझ, जी आज कोणाच्याही घरी बोलली जात नाही. ज्या हिंदू कुटुंबात एकादशी आणि पंचांग यांवर स्वयंपाकघर चालते, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जेरुसलेममधील देर-एस-सुलतान मठातील इथिओपियन साधू शतकानुशतके, आणि १९७४ च्या क्रांतीनंतर अमेरिका-युरोपात विखुरलेली इथिओपियन कुटुंबे आपल्या काळात, हाच दिनक्रम परदेशी चालवीत आली आहेत. तेथे चर्च माणसांच्या मागोमाग गेले.

महाराष्ट्रात आलेल्यांची गोष्ट याच्या उलट आहे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले १८६० च्या सुमारापासून तेथील आश्रमात ठेवली जाऊ लागली. त्यांना शाळा, सुतारकाम, लोहारकाम आणि बाप्तिस्मा मिळाला. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स अशी नावेही मिळाली. १८७४-७५ मध्ये प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसले, तेव्हा यांपैकी अनेक जण तिकडे गेले. तेथील लोक त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणू लागले. नाशिकला जे हबशी होते, ते आफ्रिकेत मुंबईकर ठरले.

हे सर्व आपणास कळते ते प्रामुख्याने मिशनच्या अहवालांवरून. अहवाल खोटे असतात असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु अहवाल हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याचे संकेत ओळखल्याविना तो प्रमाण मानणे धोक्याचे आहे. अहवालाचा वाचक दूर देशीचा वर्गणीदार असतो. त्यामुळे सुटकेचा प्रसंग, बाप्तिस्म्याचा दिवस आणि शिकलेला धंदा या तीन गोष्टी त्यात ठळकपणे येतात. त्या तिन्ही मोजता येतात. दोन बाप्तिस्म्यांच्या मधला मंगळवार मात्र अहवालात येत नाही. आणि श्रद्धेची परीक्षा होते ती मंगळवारीच.

हे विधान अतिशयोक्त वाटत असल्यास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवावीत. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. अहवालाच्या दृष्टीने या दोन नोंदी झाल्या. परंतु मराठी वाचकास त्या कुटुंबाचे धर्मांतर खरे वाटते, ते त्या दोन तारखांमधील पाच वर्षांमुळे. सोवळे, पाणी, स्वयंपाक, मुलाची ओढ आणि नवऱ्यावरील राग यांतून एक स्त्री स्वतःच्या विचाराने पाऊल पुढे टाकते, हे तेथे दिसते. शरणपूरच्या आफ्रिकनांची ‘स्मृतिचित्रे’ नाहीत. ही केवळ साधनांची उणीव नव्हे. ज्या मुलाचे नाव, अन्न, भाषा व वार दुसऱ्याने ठरविले, त्याच्या श्रद्धेचा निर्णय स्वतःचा किती आणि संस्थेचा किती, हे ठरविण्याचे मापच आपल्या हाती राहत नाही.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. जेकब वेनराइट हा याओ होता, इथिओपियन नव्हे. परंतु शरणपूरच्या शिक्षणातून निघालेला स्वहस्ताक्षराचा पुरावा त्याचाच आहे. १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला. त्यांचे हृदय तेथेच पुरताना प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी वेनराइटने वाचला, झाडावर लेख कोरला आणि त्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली. शेकडो मैल दूरवर कोणी मिशनरी नसताना, मोबदल्याची हमी नसताना, एका तरुणाने तो विधी स्वतःच्या जबाबदारीवर केला. येथे शरणपूरचा पाठ स्वतःचा झालेला दिसतो.

खास इथिओपियन मुलांचा पुरावा एडनकडे सापडतो. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता, म्हणून तो आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा नाही. १८८८ मध्ये ‘ऑस्प्रे’ या इंग्रजी युद्धनौकेने दोनशेहून अधिक ओरोमो मुलांची सुटका केली. त्यांपैकी ६४ मुले एडनजवळच्या स्कॉटिश मिशनमधून १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेल येथे पाठविण्यात आली. त्या प्रत्येकाची हकिकत मुलाखत घेऊन लिहून ठेवली गेली : घर कसे होते, आईबाप कोण, कोणी पळविले, किती हातांतून विक्री झाली. प्रश्न मिशनचेच होते, हे खरे. पण उत्तरांत घर आहे, शेत आहे, गुरे आहेत. बाप्तिस्म्यापूर्वीही या मुलांस आयुष्य होते, एवढे तरी ही साधने आपणास विसरू देत नाहीत.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्यांना गुलामगिरीतून सोडविले, त्यांचे उपवास व नावे हरपली म्हणून हळहळणे हा चैनीचा विचार नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. शरणपूर नसते तर या मुलांचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. परंतु उपकार मान्य करणे वेगळे आणि उपकारकर्त्याचा वृत्तान्त हीच उपकृताची श्रद्धा असे मानणे वेगळे. पहिले न्याय्य आहे. दुसऱ्यात त्या माणसाचा आवाज दुसऱ्यांदा हरपतो. मलिक अंबरचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याचे जन्मनाव चापू. अंबर हे नाव त्याला बगदादच्या धन्याकडून मिळाले. आपण त्याची राजनीती व गनिमी युद्ध गौरवितो, पण चापूचा अंबर होताना काय घडले हे विचारीत नाही. शरणपूरच्या मुलांबाबत तरी ती चूक पुन्हा होऊ नये.

यासाठी पदव्युत्तर अभ्यासकांपुढे काम उघड आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. त्यातील अहवाल आजवर घटनांसाठी वाचले गेले. ते आता नावे, धंदे, विवाह, भांडणे आणि तक्रारी यांसाठी वाचावे लागतील. ज्या ओळीत मिशनरी एखाद्या मुलाला हट्टी म्हणतो, ती ओळ बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा अधिक बोलकी असू शकते. कारण त्या हट्टातच त्या मुलाची स्वतःची इच्छा प्रथम उमटलेली असते.

तेरच्या गोरोबांची भक्ती मराठी माणूस त्यांच्या चिखलापासून आणि चाकापासून वेगळी काढू शकत नाही. श्रद्धा हातातल्या कामात पाहावयाची, हा निकष आपण आपल्या संतांना सहजपणे लावतो. शरणपूरच्या सुताराला आणि लोहाराला तोच निकष लावण्यास, तो परक्या देशाचा व परक्या धर्माचा आहे यापलीकडे, आपणापाशी कोणतेही कारण नाही. आणि ते कारण अभ्यासकास शोभणारे नाही.