न पाहिलेल्या दशकाची हुरहूर

गेली काही वर्षे पाश्चात्त्य तरुणांच्या संगीतात एक चमत्कारिक प्रकार चालू आहे. गाणे आजचे, गाणारे आजचे आणि नाद मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा! सिंथेसायझर या वीजवाद्यावर बेतलेल्या या गाण्यांना सिंथ-पॉप म्हणतात. त्यांतली पुष्कळशी मंडळी मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावाचून, आपल्या हिमतीवर ध्वनिमुद्रिका काढतात. ज्या दशकासाठी ती हळहळतात त्या दशकात त्यांच्यातले काही रांगत होते, काही जन्मलेही नव्हते. गावचा वाडा नातवाच्या जन्माआधीच पडलेला असावा आणि नातवाने त्याविषयी भरल्या गळ्याने बोलावे, तशातली ही गत. तरी हे सारे लटके म्हणून हसण्यावारी न्यावे, असे मला वाटत नाही.

हा 'ऐंशीचा नाद' म्हणजे काय, ते आधी पाहू. १९८० साली रॉजर लिन याचे एलएम-१ हे तालयंत्र निघाले. त्यात खऱ्या ड्रमचे ठोके मुद्रित करून भरलेले होते. १९८३ साली यामाहाने डीएक्स-७ आणला. त्यावर नवा आवाज घडवणे इतके किचकट, की बहुतेक वादकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवले, आणि तोच काचेच्या घंटेसारखा किणकिणाट गाण्यागाण्यांतून ऐकू येऊ लागला. शिवाय फिल कॉलिन्सने १९८१ साली गाजवलेला तो ड्रमचा घुमार! ठोका पडतो, घुमू लागतो, आणि घुमणे रंगात येते न येते तोच कुणी धाडकन दार लावून घ्यावे तसा तुटतो. एका दशकाचे म्हणून जे वळण आपण ओळखतो, ते असे थोडे कल्पकतेतून आणि थोडे आळसातून पडलेले असते.

त्या काळी या यंत्रांना निर्जीव म्हणून पुष्कळांनी नावे ठेवली. आपल्याला ही तक्रार नवी नाही. हार्मोनियममधून मींड निघत नाही म्हणून नभोवाणीने तिला १९४० पासून तीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते. आणि आज त्याच पेटीचे दोन सूर कानी पडले, की नाट्यगीतांवर वाढलेली माणसे हळवी होतात.

पण मुद्दा निराळाच आहे. ऐंशीच्या दशकात ही वाद्ये हाती घेणारे मागे वळून पाहत नव्हते. त्यांच्या कानी तो उद्याचा आवाज होता, आणि तो उद्या काही फारसा आश्वासक नव्हता. 'ह्यूमन लीग' हा वाद्यमेळ शेफील्डचा, म्हणजे पोलादाच्या गावचा. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. त्याच महिन्यात मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामावरून उतरले. त्या जुन्या गाण्यांतला गारठा ही नुसती फॅशन नव्हती.

आजची कितीतरी गाणी नेमका हा गारठा गाळून टाकतात. लॉस एंजलिसच्या 'द मिडनाइट' या जोडीचे उदाहरण घ्या. 'एंडलेस समर' (२०१६) आणि 'किड्स' (२०१८) या त्यांच्या ध्वनिमुद्रिका. चाली गोड, सॅक्सोफोन तर अगदी हवा तिथे येतो. परंतु गाण्यामागून गाणे ऐकावे तो सतत संध्याकाळच, सतत समुद्रकिनारा. आणि त्या संध्याकाळीला कधी घरभाडे द्यावे लागत नाही. चौथ्या गाण्याला मला मिठाई जास्त झाल्यासारखे होते.

याउलट ब्रुकलिनचा 'नेशन ऑफ लँग्वेज'. वडिलांच्या गाडीत १९७९ चे 'इलेक्ट्रिसिटी' हे गाणे ऐकून इयन डेव्हनीला या संगीताकडे वळावेसे वाटले. पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याने आणि त्याच्या वधूने लग्नात भेटवस्तूंऐवजी पैसेच मागितले. (आपल्याकडच्या आहेरातले कुकर आणि भिंतीवरची घड्याळे आठवून मला या जोडप्याचा हेवा वाटला.) ती मुद्रिका २०२० साली निघाली. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या एका गाण्याचे नाव 'द ग्रे कम्यूट'. नावातच रोजची करडी रखडपट्टी आहे. खाली यंत्राचा ताल निर्विकारपणे चाललेला, वर माणसाचा आवाज ताणला जाऊन फाटायच्या बेतात आलेला. जुन्या गाण्यांतली धास्ती इथे परत येते, कारण ती यांची स्वतःची आहे. त्यांची दोन गाणी कधी कधी सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, हा दोष मी लपवीत नाही. २०२५ च्या 'डान्स कॉल्ड मेमरी'ने तर आठवणीलाच नाच म्हटले आहे.

आणि आपल्या मुंबईचे चरणजित सिंग! चित्रपटसंगीतातल्या या वादकाने १९८२ साली जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. पेटीला न साधणारी एका सुरावरून दुसऱ्यावरची घसरण टीबी-३०३ नावाच्या लहानशा खोक्यातून निघत होती. तेव्हा फारसे कुणी कान दिले नाहीत. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले रसिक थक्क झाले, कारण शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या ॲसिड हाउस नावाच्या नाचसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. सिंग २०१५ साली वारले.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आली, की त्यांच्याकडून सिंगांचा 'राग भैरव' आणि त्यामागोमाग 'द ग्रे कम्यूट' लावून घ्यावे. 'द मिडनाइट' ती आपणहून लावतीलच.