‘हेमाडपंती’ या शब्दापाशी थांबायचं का?

अमडापूरला टेकडीवरच्या बल्लाळदेवीच्या देवळाबद्दल विचारलं, की उत्तर एका शब्दात मिळतं: हेमाडपंती. चिखली तालुक्यातच साकेगावच्या महादेवाबद्दल विचारा, तोच शब्द. लोणारला दैत्यसूदनासमोर उभे राहा, पुन्हा तोच. आमची आजची तक्रार या शब्दाबद्दल आहे.

हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. दोनशे वर्षं आधीचा! चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवून देऊळ उभारायची रीत हेमाद्रीची नव्हे, हे उघड आहे. तरी नाव त्याचंच. मंत्र्याचं नाव टिकलं, पाथरवटाचं गेलं. आपल्याकडे हे काही नवं नाही म्हणा.

मग बघायचं काय? लोणारचंच घ्या. दैत्यसूदनाचा तलविन्यास तारकाकृती आहे. बाहेरची भिंत सरळ जात नाही, कोन करत करत वळते, त्यामुळे ऊन-सावली दिवसभर मूर्तींवरून सरकत राहते. आत मान वर केली की वितानावर विष्णू लवणासुराला मारताना दिसतो. म्हणजे ज्या असुरावरून गावाचं नाव सांगतात, त्याचीच कथा छतावर कोरलेली. ‘हेमाडपंती’ म्हटल्यावर यातलं काय कळलं? काहीच नाही.

इंग्लंडमध्ये खेड्यातल्या जुन्या चर्चचा इतिहास लिहिणारे एकाच भिंतीत गोल कमान कुठे संपते आणि टोकदार कुठे सुरू होते, ते पाहून शतकं वेगळी काढतात. आपल्याकडे ते काम द्वारशाखा, खांबांची घडण, दगडांचे सांधे करतात. ललाटबिंबावर कोण कोरलंय, यावरून देऊळ मुळात कुणाचं असावं याचाही अंदाज बांधता येतो. गाभाऱ्यात आज पूजा दुसऱ्याच देवाची असू शकते.

आणि जीर्णोद्धारात नेमकं हेच जातं. गाव श्रद्धेनं वर्गणी काढतं, ऑइलपेंट लावतं, सांध्यांत सिमेंट भरतं. देऊळ वापरातलं आहे, गळत असेल तर दुरुस्त व्हायलाच हवं. त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण सिमेंट भरल्यावर तो सांधा मुळात कोरडा होता की चुन्याचा, हे पुढे कोण सांगणार? निदान रंगाचा डबा उघडण्याआधी चौकटीचे आणि छताचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून.