बेसवादन : मंद्र स्वरांची कला

बेस गिटार आणि तिच्या आधीचा डबल बेस ही पाश्चात्त्य वाद्यमेळातली मंद्र स्वरांची वाद्ये. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. गिटारच्या सर्वांत खालच्या स्वरापेक्षा तो बरोबर एक सप्तक खाली. बेसच्या स्वराकडे दोन कामे असतात. ड्रम्सच्या जोडीने लय धरायची आणि वर वाजणाऱ्या कॉर्डचा अर्थ ठरवायचा. गिटार किंवा पियानोवर षड्ज, गांधार आणि पंचम वाजत असताना बेसने षड्ज धरला तर कॉर्ड मेजर आणि स्थिर वाटते. वरचे तीन स्वर तसेच ठेवून बेसने खाली धैवत लावला की तीच कॉर्ड मायनर होते, गाण्याचा भाव पालटतो. गायकाने किंवा गिटारवादकाने काहीच बदललेले नसते. निर्णय एकट्या बेसवादकाचा असतो.

म्हणून बेसवादकाची थोरवी मोजताना चार गोष्टी पाहाव्या लागतात : स्वराची निवड, तो मात्रेच्या नेमक्या कोणत्या जागी पडतो, किती वेळ टिकतो आणि त्याचा नाद कसा आहे. यांतली तिसरी बाब श्रोत्यांच्या फारशी लक्षात येत नाही, पण वादकांमधला फरक तिथेच उघड होतो. स्वर कधी सुरू करायचा हे बहुतेकांना साधते, कधी तोडायचा हे थोड्यांनाच. वेगाचा क्रमांक या चारांच्या नंतर लागतो.

एकलवादक म्हणून डबल बेसला प्रतिष्ठा मिळाली ती जॅझमध्ये. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेजने प्रत्येक मात्रेला एक स्वर देत, कॉर्डमागून कॉर्ड गाठत जाणारी ‘वॉकिंग’ चाल पक्की केली. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आलेल्या जिमी ब्लँटनने बेसवर सुरावटी वाजवता येतात हे दाखवले. एलिंग्टनच्या पियानोसोबतची त्याची द्वंद्वमुद्रणे आजही अभ्यासली जातात. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत माइल्स डेव्हिसने ‘सो व्हॉट’ची मुख्य सुरावट पॉल चेंबर्सच्या बेसकडे सोपवली; वाद्यमेळ तिला फक्त दोन कॉर्डांचे उत्तर देतो. बिल एव्हान्सच्या त्रयीत स्कॉट लाफारोने वॉकिंगची सक्तीच मोडली आणि पियानोशी बरोबरीचा संवाद सुरू केला. या त्रयीचे व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमधले मुद्रण २५ जून १९६१ रोजी झाले. त्यानंतर दहाबारा दिवसांतच लाफारो मोटार अपघातात मरण पावला.

डबल बेसच्या अडचणी मात्र तशाच होत्या. तो अवजड होता, ड्रम्स आणि विजेच्या गिटारीपुढे त्याचा आवाज बुडे, आणि पडदे नसल्याने सूर लावणे अवघड जाई. लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. ३४ इंच लांबीच्या तारा, गळ्यात अडकवता येणारे भरीव लाकडी अंग आणि सूर अचूक लागावा म्हणून बसवलेले पडदे. नावातली अचूकता या पडद्यांमुळे आली. आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण सर्वत्र पोहोचला तो फेंडरचाच नमुना. १९६० मध्ये बारीक मानेचा ‘जॅझ बेस’ आला. पुढचे बहुतेक मोठे वादक या दोन वाद्यांवर घडले.

बेस गिटारची स्वतंत्र भाषा घडवण्याचे श्रेय सर्वप्रथम जेम्स जेमरसनचे (१९३६–१९८३). डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या तळघरवजा स्टुडिओत तो १९६० च्या दशकात जवळजवळ रोज वाजवत असे. मूळचा डबल बेसचा वादक असल्याने तो उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडी. तारा सपाट गुंडाळीच्या आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या, ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. त्यामुळे स्वर गोल, थोडा दबलेला आणि लगेच विरणारा येई. हा नाद त्याच्या शैलीला आवश्यकच होता; तारा झणझणीत असत्या तर इतके दाट वादन गायकाच्या आवाजावर चढले असते. ‘बर्नाडेट’ (१९६७) या फोर टॉप्सच्या गीतात बेस कॉर्डच्या मूळ स्वराभोवती सतत फिरत राहतो, अर्ध्या मात्रेवरून उडी घेतो, पुढच्या कॉर्डच्या अलीकडचा कोमल किंवा तीव्र स्वर चाटून तिच्यात शिरतो. मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये सुरुवातीच्या ओळी दोन कॉर्डांवर झुलतात. साध्या वादकाने एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला असता. जेमरसन प्रत्येक फेरीत नवी वाट काढतो, तरीही गाण्याचा झोका एकदाही बिघडत नाही.

मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. लाखो घरांत ऐकला जाणारा हा वादक १९७१ मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर नाव येईपर्यंत श्रोत्यांना अनोळखी होता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तो मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, २००० मध्ये. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये वाजवणाऱ्या कॅरल के हिचे नावही दीर्घकाळ पडद्याआडच राहिले. ती पिकने वाजवत असे. त्यामुळे स्वराची सुरुवात टोकदार येई आणि लहानशा रेडिओवरही बेस कळे. स्वराच्या निवडीचा धडा वेगळीकडून आला : बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) मध्ये ब्रायन विल्सनने बेसला कॉर्डच्या मूळ स्वराऐवजी मधले स्वर दिले. कॉर्ड अधांतरी राहते आणि गाणे पुढे कुठे जाणार याची उत्कंठा वाढते.

पॉल मॅकार्टनीने हे दोन्ही धडे घेतले. जेमरसन आणि विल्सन यांचे ऋण त्याने स्वतः मान्य केले आहे. बीटल्समध्ये बेस त्याच्या वाट्याला आला तो आधीचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडल्यामुळे. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेतला. दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या माणसाच्या हातातही तो उलटा दिसत नसे. ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) काळात अनेक गाण्यांचा बेस तो सर्वांत शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवू लागला. गाण्यातल्या रिकाम्या जागा ऐकून मग सुरावट रचण्याची सोय त्यामुळे झाली. जॉर्ज हॅरिसनच्या ‘समथिंग’मधला (१९६९) बेस हे तिचे उत्तम फळ आहे. गायकाची ओळ थांबते तिथे बेस बोलतो. अर्थात या गाण्यात तो जरा जास्तच बोलतो असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. द हूच्या जॉन एन्टविसलने ‘माय जनरेशन’मध्ये (१९६५) सरळ एकलवादनाचे तुकडेच वाजवले, रॉकमध्ये तोवर तो मान गिटारचा होता.

फंकमध्ये बेस तालवाद्याच्या जवळ गेला. लॅरी ग्रॅहम आईच्या छोट्या वाद्यमेळात वाजवत असे. तिथे ड्रमवादक नव्हता, म्हणून त्याने अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमचा आणि बोटाने तार ओढून सोडत स्नेअरचा आघात भरून काढला. गरजेतून आलेली ही पद्धत स्लाय अँड द फॅमिली स्टोनमधून जगभर गेली आणि ‘स्लॅप’ म्हणून रूढ झाली. जेम्स ब्राउनकडे तयार झालेल्या बूट्सी कॉलिन्सने मोजणीच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्याकडच्या समेवर, सारा भार टाकला. जमैकाच्या रेगेत याच्या उलट रीत दिसते. बॉब मार्लीच्या वेलर्समधला ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट (१९४६–२०२४) कित्येकदा पहिली मात्रा मोकळी सोडून मग बेसची ओळ सुरू करतो. त्या रिकाम्या जागेमुळेच पुढचा जड स्वर अंगावर येतो.

विरामाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण शिक या वाद्यमेळाच्या ‘गुड टाइम्स’मध्ये (१९७९) सापडते. बर्नार्ड एडवर्ड्स पहिल्या तीन मात्रांवर एकच मूळ स्वर तीनदा देतो, प्रत्येक वेळी तो तोडतो, आणि चौथी मात्रा सोडून देतो. त्यानंतर ओळ अर्ध्या मात्रांच्या पायऱ्यांनी वर सरकते आणि पुढच्या कॉर्डवर जाऊन उतरते. पहिल्या भागात शिस्त, दुसऱ्या भागात मोकळीक, अशी तिची वाटणी आहे. तीन आघातांमधले तुटलेपण काढून स्वर लांबवले तर नृत्याचा ठेका तिथेच ढिला पडतो. त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ याच ओळीवर उभे राहिले. पुढच्या वर्षी क्वीनच्या जॉन डीकनने ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ची ओळ तशाच तीन आघातांनी सुरू केली.

जॅको पास्तोरियसने (१९५१–१९८७) बेसच्या शक्यताच बदलल्या. त्याच्या जुन्या जॅझ बेसवर पडदे नव्हते. खाचा बुजवून त्याने पट्टीवर नौकांसाठी वापरतात तसे इपॉक्सीचे कडक लेपन दिले होते. त्यामुळे मींड घेता येई, स्वरावर गायकासारखे आंदोलन देता येई आणि तरी नाद चमकदार राही. १९७६ च्या पहिल्याच तबकडीत चार्ली पार्करच्या वळणाची अवघड ‘डॉना ली’ त्याने केवळ काँगाच्या साथीने वाजवली. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ तर जवळपास पूर्ण हार्मोनिक स्वरांवर, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या घंटेसारख्या नादांवर रचली आहे. त्याच्या अनुयायांनी वेग उचलला. पण त्याच वर्षी जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’मधल्या चार गाण्यांत त्याने केलेली साथ ऐकली, तर त्याची खरी ताकद कळते : बेस गायिकेच्या ओळीखाली पसरतो, मध्येच वर येऊन तिला उत्तर देतो आणि पुन्हा मागे सरतो. पडदे नसलेल्या बेसची वेगळी चाल सोवेटोच्या बकिथी कुमालोने पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’मध्ये (१९८६), तर वेल्सच्या पिनो पॅलाडिनोने १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश पॉपमध्ये दाखवली. पॅलाडिनोने पुढे डीॲन्जेलोच्या ‘व्हूडू’साठी (२०००) पडद्यांचा बेस घेतला आणि प्रत्येक स्वर मात्रेच्या किंचित मागे ठेवला. लय सुटते की काय असे वाटते, पण सुटत नाही.

भारतीय संगीतात तानपुऱ्याचा खर्ज आणि तबल्याचा डग्गा मंद्र बाजू सांभाळत असल्याने आणि कॉर्डांची रचना नसल्याने बेसची गरज नव्हती. ती निर्माण झाली मुंबईच्या चित्रपटसंगीतात. हॉटेलांतल्या जॅझमधून आलेले, स्वरलिपी वाचणारे गोव्याचे वादक या वाद्यवृंदांचा कणा होते. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात बेस गिटार ठळकपणे पुढे आली आणि टोनी वाझ हे त्यांचे प्रमुख बेसवादक होते. दक्षिणेत इलैयाराजांनी बेसला गाण्याच्या चालीला समांतर अशी दुसरी चाल दिली, तर ए. आर. रहमान यांच्या अनेक गाण्यांमागे कीथ पीटर्स यांचा बेस आहे. मोटाउनसारखीच इथेही तबकडीवर गायक, संगीतकार आणि गीतकार यांचीच नावे येत. परिणामी कोणत्या गाण्यात कोणी वाजवले याची नोंद तुटक राहिली आणि या कलेची समीक्षा मराठीत किंवा हिंदीत उभीच राहिली नाही.

यंत्राने बेसची जागा घेण्याच्या कथेतही मुंबईचे एक पान आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये ‘टीबी-३०३’ हे छोटे यंत्र काढले, ते बेसवादक हाताशी नसलेल्या गिटारवादकांसाठी. त्याचा नाद खऱ्या बेससारखा नव्हता, आणि त्यामुळे ते फारसे खपले नाही. मुंबईच्या स्टुडिओंत बेस गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ते वापरून डिस्कोच्या ठेक्यात दहा राग मुद्रित केले. शिकागोत याच यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ जन्मले ते काही वर्षांनी. आज हिप-हॉप आणि पॉपमध्ये बेसचे काम बऱ्याचदा ‘टीआर-८०८’ या ड्रमयंत्राचा लांबवलेला बेस ड्रमच करतो. ऐकण्याची साधनेही बदलली. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. कान वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो. म्हणून मुद्रणात ते उपस्वर मुद्दाम उठावदार केले जातात आणि जेमरसनसारखा गोल, अंधारा नाद मागे पडतो.

तंत्राच्या बाबतीत मात्र आजची पिढी पूर्वीच्या कोणत्याही पिढीच्या पुढे आहे. पाच आणि सहा तारांचे बेस सर्रास वापरात आहेत. गायन आणि डबल बेस एकत्र सांभाळणाऱ्या एस्परान्झा स्पॉल्डिंगला २०११ मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराचे ग्रॅमी मिळाले. जॅझ कलाकाराला तो मान प्रथमच मिळत होता. थंडरकॅटने सहा तारांवरचे जॅझ केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’पर्यंत (२०१५) पोहोचवले. मुंबईची मोहिनी डे वडील सुजय डे यांच्याकडून बेस शिकली, लहान वयातच रहमान आणि झाकिर हुसेन यांच्याबरोबर वाजवू लागली आणि २०२३ मध्ये तिने स्वतःच्या नावाची पहिली तबकडी काढली. कर्नाटक संगीतातल्या कोन्नक्कोलचे बोल तोंडाने म्हणत तेच बोटांतून काढण्याची तिची रीत ही भारतीय लयीतून आलेली खरी भर आहे. स्लॅप तिला सहज येतो, पण ऐकावी ती तिची बोलांच्या वजनावर स्वर तोडण्याची सफाई.

उणीव आहे ती सहवासाची. मोटाउनचे वादक एका खोलीत रोज वाजवत. जेमरसनची मोकळीक ड्रमवादक बेनी बेंजामिनच्या पक्क्या लयीवर उभी होती. ‘व्हूडू’ची मागे रेंगाळणारी लयही वादकांनी स्टुडिओत एकत्र बसून घालवलेल्या दीर्घ काळातून आली. आज बेसचा ट्रॅक घरी, एकट्याने, तयार ड्रम्सवर मुद्रित करून पाठवला जातो आणि वादकाची ओळख मिनिटभराच्या चित्रफितीतून होते. तिथे वेग दिसतो; तोडलेला स्वर, सोडलेली मात्रा किंवा गायकाला दिलेली जागा दिसत नाही. वादकांची नावे आता पूर्वीपेक्षा सहज कळतात, शिकण्याची साधने मुबलक आहेत आणि हात तयार आहेत. स्वर निवडण्याचा आणि तोडण्याचा विवेक मात्र दुसऱ्या वादकांच्या संगतीतच पक्का होतो. त्यामुळे या कलेची पुढची वाटचाल वाद्याच्या तारांच्या संख्येपेक्षा एकत्र वाजवण्याच्या संधींवर अधिक अवलंबून राहील.