एकत्रिकृत विकास नियमावली : एक परीक्षण

आमच्या वाचकांस बखरी, सनदा व महजर यांच्या परीक्षणाची संवय आहे. तेव्हां येथें घरबांधणीच्या नियमांचें पुस्तक परीक्षणास घेतलेलें पाहून कांहींस नवल वाटेल. परंतु गांवची जमीन कशी वापरावी हें ज्या कागदानें ठरतें, तो पुढील इतिहासकारास सनदेइतकाच मोलाचा होणार आहे. म्हणून राज्य सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें अंमलांत आणलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आम्हीं करवीरच्या दृष्टीनें तपासली.

प्रथम गुण. पूर्वी गांवोगांव नियम निराळे होते. मुंबई व कांहीं क्षेत्रें वगळतां बहुतेक राज्यास एकच नियम लागू झाला. रस्त्याच्या रुंदीप्रमाणें, अधिमूल्य भरून अथवा हस्तांतरणीय विकासहक्क घेऊन, अधिक चटईक्षेत्र मिळतें. त्यामुळें जुन्या वस्तींत अधिक कुटुंबें राहूं शकतात. कोल्हापुरास याची गरज होतीच. १९७२ सालीं महानगरपालिका झाली, पण त्यानंतर दीर्घकाळ हद्द वाढली नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ५,४९,२३६ भरली. भोंवतालच्या ४२ गांवांसाठीं २०१७ सालीं प्राधिकरण नेमावें लागलें. शहर आंतल्या आंत दाट झालें नाहीं, तर उसाचे मळे घरांखालीं जातील. हें जे विसरतात, त्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं.

आतां दोष. शहरांतील मोकळी जागा खरोखर मोकळी असते काय? वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें. कपिलतीर्थाच्या जागीं मंडई भरते. नांवें राहिलीं, पाणी गेलें. पोथीच्या समासांत मजकूर नसतो, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाहीं. समास कापला कीं कालांतरानें कडेचीं अक्षरेंही झडूं लागतात.

नदीकांठचीं कलमें विशेष चिंत्य आहेत. पंचवीस वर्षांतून एकदां संभवणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदां संभवणाऱ्याची ती तांबडी. दोहोंमधील पट्ट्यांत तांबड्या रेषेहून ०.४५ मीटर उंच बांधल्यास परवानगी मिळूं शकते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ सालीं पाणी ५५ व २०२१ सालीं ५६ फुटांपलीकडे गेलें. तेव्हां अशा रेषा प्रत्येक महापुरानंतर फिरून तपासल्या पाहिजेत. शिवाय उंची भरावानें साधली, तर घर कोरडें राहतें, पण पाणी शेजाऱ्याकडे लोटलें जातें; खांबांवर साधली, तर पाण्यास वाट राहते. हा भेद मूळ कलमांतच ठळक हवा.

पूररेषेंत सांपडलेल्या भागाचें चटईक्षेत्र त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर वापरण्याची मुभा नियमावलींत आहे. ही योजना आम्हांस फार योग्य वाटते. जुन्या तळ्यांच्या जागांसही तिचा विस्तार व्हावा. घरेंही होतील, व पाण्याची जागा पाण्यास राहील.

मात्र तळीं कोठें होतीं, त्यांचे ओढे कोणत्या वाटेनें जात, यास पुरावा लागेल. जुने नकाशे, इनामपत्रें, जमाबंदीचे कागद आमच्या वाचकांच्या संग्रहीं असण्याचा संभव आहे. विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हां त्यांच्या नकला सादर झाल्या पाहिजेत. दप्तर बांधलेलेंच राहिलें, तर पाण्याची जागा कोरी समजली जाईल. व तो दोष नियमावलीचा नव्हे, आमचा ठरेल.